गरीवर टिकेल असे आमिष



चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरची १५ आणि १६ ऑक्टोबरची गर्दी ओसरते, हलक्या धानाची कापणी सुरू होते आणि पाठोपाठ शाळांना दिवाळीच्या सुट्या लागतात. पावसाळ्यात गढूळ झालेले तलावाचे पाणी याच दिवसांत निवळते. मग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघरी पोरे बापाच्या मागे लागतात, "बाबा, आमाले गरी टाकाले ने नं."

बल्लारपूरच्या एका कामगार बंधूंचे पत्र आले आहे. त्यांना नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. कारखान्यात पाळीची ड्यूटी, त्यामुळे आठवड्यात एकच दिवस मुलांच्या वाट्याला येतो. ते लिहितात, "मी दोघांना तलावावर नेतो. गांडूळ लावून देतो. दोन मिनिटांत बारीक मासोळ्या ते कुरतडून नेतात. पुन्हा लावतो, पुन्हा नेतात. तास दीड तास मी आमिषच लावत बसतो. हाती काही लागत नाही. मुले कंटाळतात, भांडतात आणि रडत घरी येतात. गरीवर टिकून राहील असे आमिष कोणते, ते आपल्या सदरातून सांगावे."

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरात आहे. पण उत्तर देण्याआधी मला माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे. टिकाऊ आमिष ही केवळ मासे जास्त मिळण्याची गोष्ट नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. सुटीत मूळ गावी, सिंदेवाही तालुक्यात गेलो होतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. सकाळीच दोघांना घेऊन तलावाच्या पाळीवर बसलो. डब्यात गांडुळे भरपूर. कोतऱ्यांचे थवेच्या थवे काठाला आलेले. मुलीची गरी पाण्यात पडायची आणि रिकामी वर यायची. मी मान खाली घालून गांडूळ ओवायचो. असे किती वेळा झाले, मोजले नाही. एकदा मुलगी किंचाळली, "बाबा, बाबू पाण्यात!"

मुलगा पोयणीचे फूल तोडायला उतरला होता. पाणी जेमतेम त्याच्या छातीपर्यंत, पण खाली गाळ. पाय रुतले आणि तोल गेला. मी उठेपर्यंत शिंगाडे काढत असलेल्या एका ढिवर काकांनी हात घालून त्याला वर उचलले. पोराने दोन घोट पाणी प्यायले होते, दुसरे काही झाले नाही. काका मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमी गरीकडे पाहून राहिले होते. आमिष असं लावा का घडीघडी पाहाच लागू नये. डोळे पोरावर ठेवा."

एक गांडूळ नीट ओवायला अर्धा मिनिट लागतो. तासात तीस वेळा ओवले तर पंधरा मिनिटे बापाची नजर पोरांवर नसते. पाण्याच्या काठावर पंधरा मिनिटे फार झाली. म्हणून मी आज जे सांगणार आहे ते मासोळीसाठी कमी आणि मुलांसाठी जास्त आहे, असे समजून वाचावे.

आमिष का सुटते?

आमिष तीन कारणांनी जाते. पहिले कारण, काठाजवळच्या बारीक मासोळ्यांचे तोंड लहान असते. त्या आमिष गिळत नाहीत, टोचे मारून तोडतात. गरीबाहेर लोंबणारा भाग त्यांना फुकटचे जेवण असते. दुसरे कारण, मऊ आमिष पाण्यात भिजून सैल होते आणि आपोआप गळून पडते. तिसरे कारण मुलांचे. भेंड जरा हलले की मूल जोरात झटका देते. मासोळी गरीला लागलेली नसते, झटक्याने आमिष मात्र उडून जाते.

म्हणजे मुलांसाठीचे आमिष चिवट असावे, पाण्यात न विरघळणारे असावे आणि आकाराने लहान असावे. लहान म्हणजे किती? तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे. मोठ्या आमिषाला मोठी मासोळी लागेल, असे मुलांना वाटते. पण कोतरीच्या तोंडात जे मावत नाही ते ती कुरतडणारच. आमिष गरीच्या वळणावर घट्ट बसावे आणि टोक किंचित मोकळे राहावे.

गांडूळ : वापरा, पण तुकड्याने

गांडूळ सगळ्या मासोळ्यांना आवडते, यात शंका नाही. पण ते मऊ असते आणि लहान मुलांना ओवता येत नाही. वळवळणारे गांडूळ धरताना गरी बोटात घुसण्याची भीती असते. उकिरड्याच्या खतातली लाल गांडुळे जास्त नाजूक असतात. बांधाच्या किंवा परसबागेच्या ओल्या मातीतली थोडी घट्ट असतात.

वापरायचेच असेल तर आदल्या संध्याकाळी काढून ठेवावे. डब्यात माती न भरता ओल्या पोत्याचे तुकडे किंवा ओला पालापाचोळा भरावा, झाकणाला भोके पाडावीत आणि डबा सावलीत ठेवावा. रात्रभरात गांडुळाच्या पोटातली माती निघून जाते आणि कातडी घट्ट होते. असे गांडूळ गरीवर जास्त वेळ राहते. अख्खे गांडूळ लोंबत सोडू नये. बोटाच्या एका पेराएवढा तुकडा पूर्ण ओवावा. ओवण्याचे काम मोठ्यानेच करावे.

कणकेचा गोळा : मुलांनी स्वतः करावा

मुलांसाठी सर्वात चांगले आमिष म्हणजे कणकेचे. त्यात जीव नाही, घाण नाही आणि मुलांना ते स्वतः मळता येते. पण आपण साधा कणकेचा गोळा लावतो आणि तो पाण्यात पडताच सुटतो. तो पक्का करण्याच्या तीन रीती आहेत.

एक लक्षात ठेवावे. पूर्वेकडचा आपला भाग धानाचा, घरात तांदळाचे पीठ नेहमी असते. पण तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाताचे शीत तर गरीवर टिकतच नाही. आमिषासाठी गव्हाचेच पीठ घ्यावे. मैदा मिळाला तर आणखी बरे.

पहिली रीत धुतलेल्या कणकेची. वाटीभर पीठ कमी पाण्यात घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे. मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात धरून हलके हलके दाबत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होते. ते बदलावे आणि पुन्हा दाबावे. चार-पाच पाण्यांनंतर पांढरे निघणे थांबते आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा लहानसा गोळा उरतो. पिठातला स्टार्च वाहून गेलेला असतो, चिवट भाग तेवढा राहिलेला असतो. त्याचा दाण्याएवढा तुकडा ताणून गरीवर गुंडाळला तर कोतऱ्यांना तो सहज तोडता येत नाही. कोंडा असलेल्या पिठाचा गोळा थोडा तुटक होतो, मैद्याचा एकसारखा होतो.

दुसरी रीत कापसाची. वरोरा-राजुऱ्याकडच्या वाचकांच्या घरी कापूस असतोच. चिमूटभर कापूस बोटांनी पिंजून त्याचे तंतू सुटे करावेत आणि घट्ट कणकेत मळावेत. मातीच्या भिंतीत तणस घालतात, तसेच हे काम. कापसाचे तंतू कणकेला धरून ठेवतात. कापूस जास्त झाला तर मात्र मासोळी ते थुंकून टाकते.

तिसरी रीत उकळण्याची. कणकेच्या वाटाण्यापेक्षा लहान गोळ्या करून उकळत्या पाण्यात टाकाव्यात. वर तरंगू लागल्या की आणखी मिनिटभर ठेवून काढाव्यात आणि थंड होऊ द्याव्यात. बाहेरून त्या घट्ट होतात आणि सुई ओवावी तशी गरी ओवता येते. सहा वर्षांच्या मुलालासुद्धा ही गोळी लावता येते. फक्त गरी मोठ्याने धरावी.

कणकेला वास नसतो, म्हणून भाजलेल्या शेंगदाणा किंवा जवसाच्या ढेपेची चमचाभर पूड त्यात मळावी. पहिल्या रीतीत ती धुऊन झाल्यावर मळावी, नाहीतर वाहून जाईल. तळहाताला तंबाखू, साबण किंवा रॉकेल लागलेले नसावे. मासोळीला वास फार लवकर कळतो. ढेप नसेल तर सुकटीची पूड चालते.

मिठातले आमिष : सर्वात पक्के

त्या ढिवर काकांनी त्या दिवशी आपल्या कमरेच्या पुरचुंडीतून मला दिले ते हे आमिष. मिठात मुरवलेले झिंगे. एका तुकड्यावर मुलीने पाच कोतऱ्या काढल्या, तरी तुकडा गरीवर तसाच होता.

ताजे झिंगे घेऊन डोके आणि साल काढावी. मांसाचे डाळीएवढे तुकडे करावेत. काचेच्या बाटलीत जाड्या मिठाचा एक थर, त्यावर तुकड्यांचा थर, पुन्हा मीठ, असे भरावे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी ओतून द्यावे, पुन्हा मीठ घालावे आणि तुकडे दिवसभर सावलीत वाळवावेत. मांस आकसते आणि चामड्यासारखे चिवट होते. झाकण घट्ट लावून ठेवले तर दोन-तीन रविवार सहज पुरते. घरी फ्रिज असेल तर त्याहून जास्त.

झिंगे महाग वाटत असतील तर रविवारच्या कोंबडीचे टाकाऊ भाग वापरावेत. कातडी, किंवा पथरीचे चिवट मांस. कातडीच्या गव्हाच्या दाण्याएवढ्या पट्ट्या कापून मिठात मुरवाव्यात. कातडी तर मासोळीच्या टोच्याने फाटतच नाही. पहिली मासोळी मिळाली की तिच्याच पोटाखालची पातळ चकचकीत पट्टी कापून गरीला लावता येते. तलावातल्या मोठ्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात उकळून दाभणाने मांस काढले तर त्यांच्या पायाचा भाग असाच चिवट असतो. पण गोगलगायीला हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुतलेच पाहिजेत, कारण गोड्या पाण्यातल्या गोगलगायी काही रोगकृमी बाळगतात.

मिठातले आमिष गरीला लावण्याआधी मिनिटभर पाण्यात बुडवावे. वरचे मीठ निघून जाते आणि ते किंचित मऊ होते.

कशाच्या नादी लागू नये

बांधावरचे नाकतोडे चांगले आमिष आहे, पण एका झटक्यात उडून जाते. लाल मुंग्यांची अंडी कणकेत मिसळून लावण्याची रीत बंगालकडे आहे. मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेल्या बंगाली कुटुंबांतले जाणते लोक गरीच्या बाबतीत हातखंडा असतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण अंडी नाजूक असतात आणि घरटे उतरवताना मुंग्या कडकडून चावतात. मुलांना त्यात ओढू नये.

आता बाजारात रबराच्या रंगीत अळ्याही मिळतात. त्या टिकतात, हे खरे. पण तुटून पाण्यात पडल्या की वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि मासे, पाखरे त्या गिळतात. ज्या तलावाचे पाणी आपली गुरे पितात तिथे हे नको.

गरी, दोरा आणि भेंड

आमिष पक्के असले की गरी कमी धोक्याची करता येते. गरीच्या टोकाच्या आत एक उलटा काटा असतो. तो मुलाच्या बोटात शिरला तर ओढून निघत नाही, मांस फाटते. मुलांच्या गरीचा हा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. गांडूळ किंवा साधी कणीक अशा गरीवरून घसरते. कातडीचा तुकडा किंवा धुतलेली कणीक घसरत नाही. चिवट आमिषाचा हा आणखी एक फायदा.

गरी बारीक घ्यावी. दुकानात १२ किंवा १४ नंबर मागावा. या नंबरांत आकडा जसा मोठा तशी गरी लहान असते. बांबूची बारीक काडी मुलाच्या उंचीच्या दीडपट पुरे. तंगूस काडीएवढाच लांब ठेवावा, म्हणजे गुंता होत नाही आणि मागे बसलेल्याच्या डोळ्याला गरी लागत नाही. भेंडासाठी विकत काही आणायला नको. ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतल्या भेंडाचा बोटभर तुकडा बांधला की झाले.

वजनासाठी शिशाचे मणी मिळतात आणि मुले ते दाताने दाबतात. शिसे विषारी आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने अपाय होतो. त्याऐवजी तांब्याच्या तारेचे चार वेढे दोऱ्याला द्यावेत.

झटक्याचा उपाय मात्र शिकवण्याचा आहे. भेंड नुसते नाचत असेल तर हात लावायचा नाही. ते बुडाले किंवा एका बाजूला सरकू लागले की मनात एक-दोन मोजून काडी हलकेच उचलायची. माझी मुलगी हे एका सकाळीत शिकली, मुलाला तीन सुट्या लागल्या. शिवाय बसण्याच्या जागेपासून हातभर दूर, भाजलेला कोंडा आणि ओली माती यांचा एक गोळा पाण्यात टाकावा. कोतऱ्या त्यावर जमतात आणि मुलांना वाट पाहत बसावे लागत नाही.

पाळीवर बसताना

आपल्या पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, म्हणून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. तलाव सार्वजनिक असला तरी त्यातली मासेमारी पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. रोहू, कतला, मृगळ यांचे बीज ते लोक पदरचे पैसे घालून सोडतात. त्यावर ढिवर आणि भोई बांधवांची चूल पेटते. म्हणून बसण्याआधी विचारावे. बारीक मासोळीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. बोटाएवढे रोहूचे पिल्लू लागले तर ओल्या हाताने धरून परत सोडावे आणि का सोडले ते मुलाला सांगावे.

पावसाळ्याच्या तोंडाला गाभोळी भरलेल्या मासोळ्या वर चढतात. तेव्हा गरी घरीच टांगून ठेवावी. पुढे पाण्यात लालसर पिल्लांचा गोळाच्या गोळा फिरताना दिसला तर त्याच्याखाली मरळ राखण करीत असते. तिला काढले तर सगळी पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात. तिथे गरी टाकू नये.

शिंगूर, वाघूर आणि कटवा यांच्या पंखांना काटे असतात. शिंगूरचा काटा विषारी, वेदना असह्य होते. अशी मासोळी लागली तर मुलांनी हात लावायचा नाही. काटा लागलाच तर हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा आणि दवाखान्यात जावे. पाणी किती गरम आहे ते आधी मोठ्याने आपल्या हाताने पाहावे. या मासोळ्या बहुधा अंधारात चरतात, हेही एक कारण की मुलांना घेऊन संध्याकाळी बसू नये.

दुसरे कारण सांगायला नको. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पण वाघ हद्द पाहून फिरत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात धानाच्या बांधावर आणि तलावाकाठीसुद्धा माणसे गेली आहेत. राखीव क्षेत्राच्या आत मासेमारीला बंदीच आहे. बाहेरही झुडपांना पाठ करून उकिडवे बसू नये. ऊन वर आल्यावर जावे, दुपार कलण्याआधी निघावे आणि दोन मोठी माणसे असावीत. एकाने आमिष पाहावे, दुसऱ्याने मुले. गडचिरोलीकडे हिवतापाचा जोर असतो, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. कारखान्याचे सांडपाणी येते त्या नाल्यावर आणि नुकतीच औषध फवारणी झालेल्या धानाच्या बांधीत मासोळी धरू नये.

पहिल्या शिलाचे काय?

काही वाचक मनात म्हणत असतील, पंचशील घेणाऱ्या घरात मुलांना गरी शिकवावी का? माझ्या मुलीने त्याच दिवशी विचारले होते, "बाबा, गांडुळाले दुखते का?" मी म्हणालो, हो, दुखत असेल. मुलाला खोटे उत्तर देऊ नये.

बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचे विवेचन आहे. गरजेपोटी जीव घेणे आणि जीव घेण्याच्या हौसेने घेणे, यांत ते फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, अशी त्यांची मांडणी आहे. प्रत्येक कुटुंबाने ते वाचून आपले ठरवावे. ज्या घरात मासोळी शिजत नाही त्या घरातल्या मुलांनी पाळीवर पाखरे मोजावीत, तीही सुटी छान जाते.

पण ज्या घरात मासोळी खाल्ली जाते, तिथे एक गोष्ट मुलांना शिकवता येते. ताटात जेवढे लागते तेवढेच काढायचे. चार माणसांना वीस-पंचवीस कोतऱ्या पुरतात, त्यापुढे गरी गुंडाळायची. मासोळीला टोचून, फोटो काढून पुन्हा फेकायचे, हा खेळ करायचा नाही. काढलेली मासोळी काठावर तडफडत ठेवायची नाही, मोठ्याने लगेच डोक्यावर मारून तिचे दुःख संपवायचे. आणि एका सकाळी तीस-चाळीस गांडुळे वाया घालवण्यापेक्षा चिमूटभर कणीक किंवा टाकाऊ कातडीचे चार तुकडे पुरत असतील, तर तेच लावायचे. टिकाऊ आमिषाने जीव कमी जातात, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलालाही समजते.

माझे आजोबा सांगायचे, आमच्या गावच्या पाळीवर माती टाकायला आपली माणसे चालत, पण घाटावर पाणी भरायला चालत नसत. गरी घेऊन बसलेल्या पोराला हाकलून देत. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याचा अर्थ आजोबांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. आज आपली मुले त्याच पाळीवर, ढिवरांच्या मुलांच्या बाजूला बसून भेंडाकडे पाहतात. म्हणूनच तिथे बसताना दुसऱ्याच्या पोटाचा आणि पाण्यातल्या जिवाचा विचार त्यांच्या मनात असावा, एवढी अपेक्षा आहे.

बल्लारपूरच्या बंधूंना सांगणे इतकेच. सुटीच्या आदल्या रात्री मुलीला कणीक मळायला बसवा आणि मुलाकडून पाणी बदलून घ्या. दोन दिवस आधी कातडीचे तुकडे मिठात घाला. सकाळी गरीचा काटा दाबला आहे ना, ते पाहा. मग पाळीवर तुम्हाला आमिष लावण्याचे काम उरणार नाही. मुलांच्या शेजारी बसा, एक हात धाकट्याच्या सदऱ्याला असू द्या. किती कोतऱ्या मिळाल्या ते अवश्य कळवा. काही मिळाल्या नाहीत तरी कळवा.

जय भीम.